निवड तहकूब झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

स्नेहल रेणुसेच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा ईमेल आला तेव्हा तिच्या तोंडात अख्खा वडा होता. भोरच्या एसटी स्टँडवर ती आणि तिची मैत्रीण नुजहत, दोघी बारावीच्या, बाकावर बसल्या होत्या. स्नेहलचे हात तेलकट होते आणि धीर तर मुळीच नव्हता, म्हणून मोबाईल नुजहतने घेतला.

"वाच," स्नेहल वड्याआडून म्हणाली. "हो असेल तर ओरड. नाही असेल तर मोबाईल फेकून दे."

"फेकून काय दे? तुझ्या मावशीचा आहे तो."

"वाच गं!"

नुजहतने वाचलं. परत वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"हो नाहीये," ती म्हणाली. "पण नाही पण नाहीये."

तर प्रकरण असं होतं. बंगळुरूच्या बाहेर एक विद्यापीठ आहे. तिथं हजारो पोरं अर्ज करतात आणि मोजकीच घेतात. ज्यांना घेतात त्यांचं शिकणं, राहणं, जेवण, सगळं तेच बघतात. स्नेहलने नोव्हेंबरातच, पहिल्या फेरीत, अर्ज ठोकून दिला होता. दहावीपर्यंत ही मुलगी ओढणीच्या टोकाशी बोलायची. अकरावीला भोरला मावशीकडे राहायला आली, वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी ढकललं म्हणून उभी राहिली, पहिली आली, आणि तेव्हापासून तिचं बोलणं थांबलेलं कुणी ऐकलेलं नाही. बंगळुरूला जायचं हे तिने इतकं पक्कं केलं होतं की स्वप्नात तिला तिथल्या मेसमधलं सांबारसुद्धा आवडेनासं झालं होतं.

आणि ईमेल म्हणत होता: तुमचा अर्ज आम्हाला आवडला. मात्र आत्ताच निर्णय न घेता तो दुसऱ्या फेरीत इतरांबरोबर पुन्हा वाचण्याचं ठरलं आहे. निकाल मार्चअखेर. दरम्यान नोव्हेंबरनंतर तुमच्या आयुष्यात नवीन काय घडलं ते एकतीस जानेवारीपर्यंत एका पानात कळवा. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एका व्यक्तीचं पत्र जोडलं तरी चालेल. एकच पान, एकच व्यक्ती. याहून जास्त काही पाठवू नये.

"नोव्हेंबरनंतर माझ्या आयुष्यात नवीन काय घडलं?" स्नेहलने विचारलं.

नुजहतने प्रामाणिकपणे विचार केला. "तू वडा बदललास. आधी त्या कोपऱ्यावरचा खायचीस."

"दीड महिना आहे," स्नेहल उठत म्हणाली. "दीड महिन्यात मी इतकं नवीन करते बघ, की एका पानात मावणार नाही."

गाव मध्ये येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिचं गाव करंजखिंड. वेल्ह्यावरून पासलीच्या अंगाला निघायचं, मग दोन अवघड वळणं, एक त्याहून अवघड चढ, की आलं. शनिवारी वडलांच्या, म्हणजे भिमाआण्णांच्या टेम्पोतून ती गावात उतरली तेव्हा ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सरपंच मंगलकाकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचायतीचं दार बंद असलं तरी सरपंच हजर पाहिजे, हे काकींचं तत्त्व, आणि रिकामं बसू नये हे दुसरं.

"काय गं, लागला का तुजा निकाल?"

स्नेहलने सगळं नीट सांगितलं. घेतलं नाही, नाकारलंही नाही, निर्णय पुढच्या फेरीवर टाकलाय, तेव्हा परत सगळं बघणार.

काकींचा हात सुपात थांबला. चेहरा उजळला.

"म्हंजे तहकूब झालं म्हण की!"

"हो, तसंच काहीतरी, पण काकी..."

"अगं मग झालंच की काम! भिमा! ए भिमा! पोरीचं तहकूब झालं आन् तू टेम्पो कसला धूत बसलाईस?"

आता हे कळायला करंजखिंडीची ग्रामसभा कळायला हवी. गावात सहाशे चाळीस मतदार. ग्रामसभा भरायची तर त्यातले शहाण्णव तरी हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. करंजखिंडीत गणपूर्ती कधीच झालेली नाही. ठरल्या दिवशी काकी, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि शिपाई असे तिघं अर्धा तास एकमेकांकडे बघत बसतात, मग भाऊसाहेब लिहितात, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब." चार दिवसांनी तीच सभा परत बोलावतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंचवीसेक जण येतात, चहा होतो, भजी होतात, आणि वीस मिनिटांत सगळे विषय एकमताने मंजूर. गावातली टाकी तहकूब सभेत झाली. रस्ता तहकूब सभेत झाला. शाळेची कौलं तहकूब सभेत बदलली. करंजखिंडीने आजवर तहकूब झालेली एकही गोष्ट नामंजूर झालेली पाहिली नव्हती. त्यामुळे विद्यापीठाने स्नेहलला तहकूब केलं याचा अर्थ गावाच्या दृष्टीने सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ होता.

संध्याकाळच्या आत पेढे वाटून झाले. स्नेहल प्रत्येक दारात सांगत फिरली, "अहो, अजून झालेलं नाहीये!" आणि प्रत्येक दारातून उत्तर आलं, "ते आमाला ठावं हाय गं, तहकूब हाय. खा पेढा."

पुढच्या शनिवारी खिंडीत फ्लेक्स लागला होता. गॅदरिंगमधला फोटो, डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल, मागे तोरणा आणि त्याहून मोठी स्नेहल. वर लिहिलेलं: "कु. स्नेहल भिमा रेणुसे हिची निवड तहकूब झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ." वेल्ह्याच्या बाजारातल्या माणसांनी तिला थांबवून हात जोडले. एकाने विचारलं, आमच्या पुतण्याचंही असं तहकूब करून मिळेल का.

इथपर्यंत स्नेहलला हसू येत होतं. खरी पंचाईत पुढेच होती.

तहकूब सभेचा आणखी एक नियम आहे: तिच्यात नवा विषय घेता येत नाही. जे आधीच्या यादीत होतं तेवढंच. नवं काही घुसवलं की सभा बाद. हा नियम गावात लहान पोरालाही पाठ आहे, कारण गेल्या वेळी सोमनाथने आपल्या भजीच्या टपरीसाठी पक्की जागा मागायला तोंड उघडलं होतं आणि पंचवीस जणांनी मिळून त्याचं तोंड भजीनेच बंद केलं होतं.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला वादविवाद स्पर्धा होती, तिच्या फॉर्मवर सही मागायला स्नेहल गेली, तेव्हा भिमाआण्णांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"न्हाई जायाचं."

"का पण?"

"नवा विषय हाय."

"आण्णा, तिकडे नवीनच विचारलंय! ईमेलमध्ये लिहिलंय, नवीन काय घडलं ते कळवा!"

"पारखत आसतील," आण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. "बघत आसतील, पोरगी फसती का. तू गप ऱ्हा तीन महिनं. काई करू नगंस. जेवडी हुतीस तेवडीच ऱ्हा."

आणि गाव कामाला लागलं. अख्खं गाव एका गोष्टीसाठी झटू लागलं: स्नेहलच्या आयुष्यात काहीही नवीन घडता कामा नये. सराव परीक्षेत ती कॉलेजात पहिली आली, अभ्यासासाठी वर्ग बंद झाले होते म्हणून गुणपत्रिका डाकेने घरी आली, तर आईने ती तांदळाच्या कणगीत तळाशी घालून ठेवली आणि वर दोन पायल्या तांदूळ ओतले. भोरहून सरांचा अभिनंदनाचा फोन आला तर आण्णांनी "राँग नंबर" म्हणून ठेवला. गाय व्याली. स्नेहलने गोठ्यात वासरू पाहिलं आणि ती धावत आली.

"आई! आपली गाय व्याली!"

"आपली न्हाई," आई नजर चुकवत म्हणाली. "शेजारनीचं हाय. सावलीला बांदलंय."

"अगं ते आपल्या गाईचं दूध पितंय!"

"पाव्हनं हाय."

तिने केस कापायचं काढलं तर चिमाजीनाना, म्हणजे गावातले सगळ्यात मोठ्या आवाजाचे आजोबा, काठी टेकत आले आणि म्हणाले की फ्लेक्सवरच्या फोटोत केस लांब हायत, आता मार्चपतुर फोटूसारखं ऱ्हायाला लागंल.

भोरला परत गेल्यावर स्नेहलने नुजहतला हे सगळं सांगितलं, हातवारे करून, वासराची नक्कल करून. नुजहत पोट धरून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण खरंच, पत्रात काय लिहिणार? 'माझ्या आयुष्यात काहीही घडू नये यासाठी गावकरी अहोरात्र प्रयत्न करत आहेत'?"

तेव्हा पहिल्यांदा स्नेहलने दिवस मोजले. पाच आठवडे गेले होते. त्या दुसऱ्या फेरीत देशभरातली पोरं आपापलं नवीन घेऊन येणार होती, कुणी यंत्र बनवलेलं, कुणी दिल्लीला बक्षीस घेतलेलं. आणि तिच्याकडे होतं एक पाहुणं वासरू.

ती त्याच दिवशी नुजहतच्या घरी गेली, कारण नुजहतचे वडील इरशादभाई म्हणजेच करंजखिंडीचे ग्रामसेवक भाऊसाहेब. ते दुपारचं जेवण करून नियमांच्या पुस्तकाला कव्हर घालत होते.

"भाऊसाहेब, तुम्ही तरी काकींना समजवा. ग्रामसभेचा नियम माझ्या अर्जाला कसा लागेल?"

"लागत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मी सांगितलं त्यांना. पण त्या म्हणाल्या, पोरगी आता गावाची झाली. गावाने उचललं, गावानेच खाली ठेवायचं."

"मग गावाने ठेवावं खाली! तसा ठराव करा. 'स्नेहलला नवीन काहीही करायला गावाची हरकत नाही.'"

"ग्रामसभेत करावा लागेल. सव्वीस जानेवारीची सभा आहे. पण ती तहकूब होणार. आणि तहकूब सभेत..."

"...नवा विषय घेता येत नाही," स्नेहल आणि नुजहत एकदम म्हणाल्या.

मग स्नेहलचे डोळे मोठे झाले. "आणि सभा तहकूब झालीच नाही तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे गणपूर्ती झाली तर?"

भाऊसाहेबांनी कात्री खाली ठेवली. "अशी वेळ माझ्या नोकरीत आलेली नाही."

"पण आली तर?"

"तर," ते घाबरत म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय घेता येतात."

झालं. स्नेहल शहाण्णव माणसं गोळा करायला निघाली.

शनिवार, रविवार असे दोनच दिवस होते. ती घरोघर गेली. बोलली, हसली, हात धरले, एका ठिकाणी भाषणसुद्धा केलं. सगळ्यांनी प्रेमाने ऐकलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: "आमी तहकूबला येतो की."

"तहकूबला नाही, पहिल्या सभेला या!"

"पैल्या सभेला?" चिमाजीनानांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. "पैल्या सभेला कोन जातं? लगीन उद्या आन् जेवाया आजच गेल्यावानी व्हईल ते. मांडवात कुत्रं सुदीक नसतंय."

खरी मेख भज्यांत आहे हे स्नेहलला रविवारी दुपारी उमगलं. तिने भाऊसाहेबांना फोन लावला, भजी पहिल्या सभेला ठेवा म्हणाली. ते म्हणाले, अल्पोपाहाराची तरतूद तहकूब सभेसाठीच असते, कारण पहिल्या सभेला माणसं येत नाहीत. ती म्हणाली, माणसं येत नाहीत कारण भजी नसतात. ते म्हणाले, भजी नसतात कारण... मग दोघंही थांबले.

ती तडक सोमनाथच्या टपरीवर गेली. "सोमनाथदादा, उद्या झेंडावंदनानंतर कढई पंचायतीच्या दारात लाव."

"पैल्या सभेला? खुळी का काय!"

"शहाण्णव माणसं येणार आहेत."

सोमनाथने बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आली न्हाईत तर?"

"तर सगळी भजी मी खाईन. आणि आली तर तुला टपरीची जागा मागता येईल. गणपूर्ती झाली की नवा विषय चालतो."

सोमनाथने झारा उचलला तो खांद्यावरच टाकला.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं आणि लोक घरी निघाले. तेवढ्यात वारा खिंडीकडून सुटला, आणि त्याने कांदाभज्यांचा वास शाळेच्या मैदानावरून फिरवून आणला. माणसं थबकली. एकमेकांकडे बघू लागली. आज भजी? म्हणजे आज तहकूब? मग पहिली सभा कधी झाली? आपल्याला कुणी कसं सांगितलं नाही? या भीतीनेच निम्मं गाव पंचायतीत धावलं. नाव लिहिल्याशिवाय भजी नाही, असं म्हणून दारात वही घेऊन नुजहत उभी होती. ती वडलांच्या गाडीवरून सकाळीच आली होती.

अकराला सभा. साडेअकरापर्यंत थांबायचं, नाहीतर तहकूब. अकरा वीसला भाऊसाहेबांनी सह्या मोजल्या. परत मोजल्या. कपाळाचा घाम पुसला.

"पंच्याण्णव."

"माझी धरा!" स्नेहलने पेन घेतलं.

"तुझं वय?"

"सतरा वर्षं दहा महिने."

"खोड."

स्नेहलने खोलीभर नजर फिरवली. खिडकीखाली, जिथं ऊन पडतं, तिथली जागा रिकामी होती. ती जागा अंबूबाईंची. अंबूबाईंनी वीस वर्षांत एकही तहकूब सभा चुकवली नव्हती. स्नेहल आणि नुजहत पळत त्यांच्या घरी पोचल्या. म्हातारी अंगणात खुर्चीत शेंगा फोडत बसली होती.

"आजी, चला, सभा!"

"आज कसली सभा? मी तहकूबची मानूस हाय."

"आज तुमच्यावाचून अडलंय. पंच्याण्णव झालेत."

"पंच्यान्नव?" अंबूबाईंनी शेंग खाली ठेवली. "मंग तर न्हाईच येत. येवड्या मान्सांत मला कोन बसाया जागा देनार? तहकूबला कसं, पाय पसरून बसता येतंय."

अकरा चोवीस झाले होते. स्नेहलने नुजहतकडे पाहिलं, नुजहतने स्नेहलकडे. मग दोघींनी खुर्चीचे हात धरले आणि म्हातारीसकट खुर्ची उचलली.

"आगं! आगं भवान्यांनो! खाली ठिवा! माज्या शेंगा!"

वाटेत सांडल्या त्या सोडून शेंगासुद्धा मांडीवरून पंचायतीत आल्या. खिडकीखालच्या माणसांना उठवून खुर्ची तिथं टेकवली. अकरा एकोणतीसला अंबूबाईंनी शिव्या देत देत अंगठा उठवला.

"शहाण्णव," भाऊसाहेब म्हणाले. "गणपूर्ती झाली आहे."

बाहेर कढई तेवढी चुरचुरत राहिली. मंगलकाकी उभ्या राहिल्या. खाली बसल्या. परत उभ्या राहिल्या.

"भाऊसायेब," त्या हळूच म्हणाल्या, "आता काय करत्यात?"

"आता... चर्चा करतात."

"कशावर?"

भाऊसाहेब विषय वाचू लागले आणि इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं. ऐकल्यावर भलतंच निघालं. एकच विहीर तीनदा दुरुस्त झाली होती. गावात एक वाचनालय होतं.

"आपल्या गावात वाचनालय हाय?" सोमनाथने विचारलं.

"ठरावात आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"कुटंशी?"

"पान बारा."

चिमाजीनाना हात वर करून उठले. "माजा इरोध हाय."

"कशाला, नाना?"

"ते अजून ठरलं न्हाई. पर सभा भरलीया तर कायतरी इरोध पायजे."

सोमनाथने टपरीची जागा मागितली, त्यावर चाळीस मिनिटं भांडण झालं आणि जागा मिळाली. दुपार कलली तेव्हा काकी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आयत्या येळचं विषय."

स्नेहल उठली. सकाळपासून ठरवून आणलेलं जोरदार भाषण तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. समोर शहाण्णव माणसं होती, आणि ती सगळी तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती की तिला कसंसंच झालं.

"माझी निवड झालेली नाही," ती म्हणाली.

"तहकूब हाय," कुणीतरी आठवण करून दिली.

"हो. पण तिकडचं तहकूब आपल्यासारखं नसतं. तिकडं दुसऱ्यांदा जास्त माणसं येतात. माझ्यासारखी हजारो. त्यांच्यातून परत निवडणार. होईल की नाही, मलाही माहीत नाही. मला जायचंय हो तिथं. लई जायचंय. आणि ते विचारतायत, नोव्हेंबरपासून नवीन काय केलंस. आणि मी काहीच केलं नाहीये, कारण तुम्ही मला करू दिलं नाही."

भिमाआण्णा आपल्या चपलेकडे बघत होते. मग चिमाजीनाना नेहमीच्या आवाजाच्या निम्म्या आवाजात म्हणाले, "म्हंजे आमी पोरीला सा आठवडं नुसतं झाकून ठिवलं?"

आणि मागच्या रांगेतून स्नेहलची आई उभी राहिली. तिने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"परीक्षेत पैली आली ही," ती एका दमात म्हणाली. "कालिजात पैली. कागूद कनगीत हाय. आन् गाय आपलीच याली. वासरू आपलं हाय."

मग एकच गलका झाला. सहा आठवड्यांचं लपवलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. सरांचा फोन आला होता. वेल्ह्याच्या पेपरवाल्याला तिची मुलाखत पाहिजे होती, त्याला खिंडीतूनच परत पाठवला होता. शाळेतल्या पोरांना ती शनिवारी इंग्रजी शिकवते म्हणून मास्तरांनी तिला प्रमाणपत्र दिलं होतं, ते शिपायाने खिशात ठेवून धुतलं होतं. आता प्रत्येकाचं म्हणणं पडलं की हे सगळं पत्रात आलंच पाहिजे, शिवाय टाकी, तोरणा, सोमनाथची टपरी आणि नानांचा विरोधही.

"एकच पान आहे!" स्नेहल ओरडली.

शेवटी काकींनी टेबलावर सूप आपटलं आणि ठराव मांडला: पत्र स्नेहलने तिचं तिने लिहावं, गावाने त्यात बोट घालू नये. बाजूने एकाहत्तर, विरोधात पंचवीस. पंचवीस जणांना नुसतं विरोधात हात वर करून बघायचा होता. वर केल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

स्नेहलने पान लिहिलं. त्यात परीक्षा एका ओळीत आली, वासरू अर्ध्या ओळीत, आणि बाकीचं पान ती शहाण्णव माणसं कशी आली त्याने भरलं. भजी कापून टाकायला तिचं मन होईना, म्हणून भजीही राहिली.

राहिलं दुसरं पत्र, ओळखणाऱ्या एका व्यक्तीचं. सगळ्या गावाला वाटलं काकी देतील. स्नेहल अंबूबाईंकडे गेली. त्या अजून रागात होत्या. त्या बोलल्या, नुजहतने जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली इंग्रजी करून दिलं:

"ही पोरगी मी ल्हानपनापास्नं बगती. आदी बोलत न्हवती, आता आयकत न्हाई. मला सभंला येयाचं न्हवतं, हिनं खुर्चीसकट उचलून न्हेलं. माज्या शेंगा सांडल्या, त्या नंतर येकयेक येचून आनून दिल्या, मोजून घ्या म्हनली. मी मोजल्या न्हाईत. सभंत मला पयल्यांदाच कुनी इचारलं, तुमचं काय म्हननं हाय. मी म्हनलं, माजं काई म्हननं न्हाई. घरी आल्यावं आटवलं, हुतं की. आता पुडच्या सभंला सांगीन. हिला घ्या न्हाईतर नका घिऊ, पर बोलवायचं आसंल तर लवकर बोलवा, मला सारखं उचलून घ्यायची हौस न्हाई."

अंगठा. तीस जानेवारीला, एक दिवस राखून, दोन्ही पत्रं गेली.

मग बारावीची परीक्षा झाली आणि मार्चच्या अखेरीला, टळटळीत दुपारी, घराच्या पडवीत ईमेल आला. या वेळी तोंडात काही नव्हतं. स्नेहलने स्वतः वाचला. पहिलंच वाक्य "हो" होतं. दुसऱ्या वाक्यात अंबूबाईंना नमस्कार कळवला होता. खाली एक हिरवं बटण: प्रवेश स्वीकारते. ते दहा दिवसांच्या आत दाबायचं होतं.

तिने किंकाळी फोडली. आण्णा वासराचं दावं हातात घेऊन गोठ्यातून आले, मंगलकाकी रस्त्यावरून आत आल्या. दोघांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे आता खरंच झालं?" आण्णांनी विचारलं.

"खरंच झालं!"

तिला वाटलं आता पेढे, आता आरडाओरडा. पण काकी गंभीर झाल्या. एका भरलेल्या सभेने ती बाई पार बदलून गेली होती.

"आसं कसं झालं म्हनता यील?" त्या म्हणाल्या. "आता आपल्याकडं रीतीनं चालतंय. येक मेच्या सभंत इषय मांडायचा. गनपूर्ती करायची. चर्चा व्हईल, नानांचा इरोध व्हईल, मंग मंजूर. तवर निवड झाली आसं धरता येत न्हाई. पेडं तर बिलकूल न्हाई."

"काकी, बटण दहा दिवसांत दाबायचंय!"

"मंग त्यास्नी सांग, तहकूब करा. त्यास्नी सवय हाय."

आणि त्या विषयाच्या यादीत नंबर कितवा लावायचा याचा विचार करत रस्त्याला लागल्यासुद्धा.

पडवीत आण्णा आणि स्नेहल उरले. स्नेहलने मोबाईलकडे पाहिलं, मग आण्णांकडे. आण्णा वासराच्या दाव्याची गाठ सोडवत होते आणि ती सुटत नव्हती, कारण ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिने बटण दाबलं.

"दाबलं?" आण्णांनी मान वर न करता विचारलं.

"दाबलं."

"ठरावाच्या आदी?"

"ठरावाच्या आधी."

आण्णांनी रस्त्याकडे बघितलं. काकी वळणाआड गेल्याची खात्री केली. मग पुढं होऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

"कुनाला बोलू नगंस," ते म्हणाले. "येक मेला म्या बी हात वर करीन."